वाचक विचारतात: माळ्यावरचा डार्विन

प्रश्न: माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ सापडलं. हिरवी कापडी बांधणी, प्रकाशक लंडनचे जॉन मरे, साल 1872. ही पहिली आवृत्ती का? बुरशीचा वास येतो, उन्हात घालू का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर: पहिली नव्हे. ती 24 नोव्हेंबर 1859 रोजी निघाली, प्रती 1,250. हिरव्या कापडावर जाऊ नका, मरे यांनी पुढच्या आवृत्त्यांनाही तेच वापरलं. पहिलीची खूण आत असते: पान 20, ओळ 11, तिथे ‘स्पीसीज’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ जास्तीचा पडला आहे. नाव ‘ऑन द ओरिजिन’ असं सुरू होतं. तुमची 1872ची प्रत म्हणजे सहावी आवृत्ती; तीत तो ‘ऑन’ गळला, आक्षेपांना उत्तर देणारं नवं प्रकरण आलं, आणि ‘इव्होल्यूशन’ हा शब्द या पुस्तकात पहिल्यांदा छापला गेला. म्हणून संग्राहक तिलाही मान देतात, पण किंमत पहिलीच्या जवळपासही नाही. शीर्षकपानावर ‘इलेव्हन्थ थाउजंड’ असेल तर सहावीची पहिली छपाई. ‘ट्वेल्फ्थ’ असेल तर नंतरची. सालावरून हे कळत नाही, दोन्हीवर 1872च आहे.

आता बुरशी. उन्हात मुळीच नको: कापडाचा रंग उडतो, पुठ्ठे वाकतात. ओलसर पानं आधी सावलीत, पंख्याच्या आडव्या वाऱ्यात सुकवा, दर वीसेक पानांमागे टीपकागद घालून तो रोज बदला. ओली बुरशी पुसली तर ती कागदात मुरते. सुकली की मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झटका. तपकिरी ठिपके राहतीलच, ते घालवायला ब्लीच वापरू नका. कसर दिसली तर पिशवी हवाबंद करून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा (घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा पुरत नाही). बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. जांभ्याची भिंत ओल धरते, म्हणून कपाट चार बोटं पुढे ओढा. आत आर्द्रतामापक ठेवा: 65 टक्क्यांच्या वर बुरशी धरते, 40च्या खाली जुना सरस तडकतो, पन्नाशीच्या आसपास ठीक. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) रंग बदलताच तापवून परत वापरा.

सेलोटेप लावू नका. नवी बांधणी तर नकोच, मूळ कापड गेलं की निम्मं मोल गेलं समजा. आणि परदेशी लिलावाचा विचार असेल तर थांबा: शंभर वर्षांवरच्या वस्तूंना 1972चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.