साक्षगंधाचे व्हिडीओ, कपाशीचा पैसा आणि बेचाळीस हजारांचा फोन

प्रश्न: मी दिग्रस तालुक्यातला (जि. यवतमाळ), वय २९. पाच एकर कोरडवाहू शेती आहे, चार एकरांत कपाशी आणि मधात तुरीचे तास. एक लाख दहा हजारांचं पीककर्ज आहे. जोडीला गावात आणि आजूबाजूला साक्षगंध (साखरपुडा), वाढदिवस, बारशाचे व्हिडीओ फोनवर काढून देतो. मागच्या वर्षी नऊ कामं झाली, एका कामाचे साधारण दीड हजार मिळतात. आताचा फोन तीन वर्षांपूर्वी १४ हजारांना घेतला होता. दुपारी तीनलाच चार्जिंग संपते. दुकानात एक नवीन फोन पाहिला : २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, ४के व्हिडीओ, पाण्यात पडला तरी चालतो, एआय आहे. किंमत ४२ हजार, रोखीने घेतला तर साडेएकोणचाळीस. हप्त्यावर शून्य टक्के व्याज, महिना ३,५०० चे बारा हप्ते, त्यातले दोन आधी भरायचे, फाइलचे ९९९ वेगळे. बाबा म्हणतात, "बोलाले फोन पायजे, मंग चाळीस हजार काऊन?" जुना फोन दुकानदार तीन हजारांत घ्यायला तयार आहे, पण आईलाही फोन हवा आहे. काय करू?

उत्तर:

भाऊ, हा फोन आत्ता घेऊ नका. हप्त्यावर तर नकोच. पण बाबांचं कारण मला पटत नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फोन आता नुसता बोलायला राहिलेला नाही. २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर, शेतात उभं राहून फोटो काढून करावी लागते. २०२५ पासून सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी लागते. सातबारा फोनवर, खताच्या दुकानाचे पैसे फोनवर. शेतकऱ्याच्या घरात एक धड चालणारा फोन ही गरज आहे, आणि ती बाबांनाही समजावून सांगा. फक्त यातलं एकही काम १४ हजारांच्या फोनवर अडत नाही. वरच्या २८ हजारांत तुम्हाला काय मिळतंय, एवढाच खरा प्रश्न आहे.

आधी त्या शून्य टक्क्यांचं बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात नसतोच, व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. तुमच्या पत्रातच ते सापडतं. रोखीचा भाव ३९,५००. हप्त्यावर घेताना पहिल्याच दिवशी दोन हप्ते आणि फाइलचे पैसे मिळून ७,९९९ तुमच्या खिशातून जाणार. म्हणजे प्रत्यक्षात कर्ज मिळालं ३१,५०१ रुपयांचं. त्यापोटी पुढचे दहा महिने ३,५०० प्रमाणे फेडायचे ३५,०००. जवळपास साडेतीन हजार जास्त. आणि मुद्दल दर महिन्याला उतरत असल्यामुळे वर्षाचा दर निघतो २३ टक्क्यांच्या आसपास. तुमचं पीककर्ज मात्र मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्याने पडतं, कारण केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याजाचा भार उचलतात. शून्य टक्क्याचं कर्ज तुमच्याकडे आधीच आहे. हप्त्यांच्या ओढाताणीत त्याची मुदत चुकली, तर सवलत जाते आणि पूर्ण व्याज अंगावर येतं. मला भीती २३ टक्क्यांपेक्षा त्याची जास्त आहे.

दुसरी अडचण महिन्यांची. नोकरदाराला पगार दर महिन्याला मिळतो, म्हणून दर महिन्याचा हप्ता त्याच्या अंगवळणी पडतो. तुमच्याकडे पैसा कापसाचा आणि मग तुरीचा, असा हिवाळ्यातच येतो. उन्हाळ्यात लग्नसराईची थोडी कामं. जून ते सप्टेंबर घरातून फक्त बाहेर जातो : बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी. दिवाळीच्या सुमारास हप्ते सुरू झाले तर शेवटचा पोळ्याच्या आसपास संपेल, म्हणजे सगळ्यात कोरडे चार महिने आणि १४ हजार रुपये. बीटी कपाशीच्या पाकिटाचा २०२५ चा भाव ९०१ रुपये होता. चार एकरांना आठ पाकिटं धरली तर ७,२०८. फोनचे दोन हप्ते म्हणजे जवळजवळ तुमचं सगळं बियाणं. त्या दिवसांत खात्यात पैसे नसले आणि हप्ता परत गेला, तर दंड बँकही लावते आणि कर्ज देणारी कंपनीही, वर पत खराब होते ती वेगळीच. हौसेला मोल नसतं म्हणतात. हप्ता मात्र असतो.

कापसाच्या भावाचा भरवसाही धरू नका. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, पण तो ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला. ओलावा त्याच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की कापूस घेतच नाहीत. खेड्यावर येणारा व्यापारी काय देतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता फोनकडे येतो. २०० मेगापिक्सेल हा आकडा दुकानाच्या फलकावर छान दिसतो. असा कॅमेरा एरवी सोळा ठिपक्यांचा एक ठिपका करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ते चूक नाही, कमी उजेडात त्याचा फायदाच होतो, पण व्हिडीओसाठी त्या २०० चा तुम्हाला काही उपयोग नाही. ४के म्हणजे खूप बारकाव्याचा व्हिडीओ, त्याच्या एका मिनिटाला १७० ते ३५० एमबी जागा लागते, म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमाला दहा ते वीस जीबी. एवढं चित्रण करून तुमचं गिऱ्हाईक ते बघतं कुठे? व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर. तिथे व्हिडीओ चढताना दाबून लहान होतो आणि ४के ची मेहनत वाटेतच सांडते. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय मात्र कामाची आहे, हे मान्य. मंडपात फिरत चित्रण करणाऱ्याला तिचा फरक कळतो.

एआयवर मी एक रुपयाही जास्त देणार नाही. त्यातली बरीच कामं कंपनीच्या सर्व्हरवर होतात, त्याला चांगलं नेट लागतं. ५जी आता बारा-तेरा हजारांच्या फोनमध्येही येतं. त्यामुळे त्यासाठी वरचा फोन घ्यायचं कारण नाही, आणि गावच्या टॉवरवर ५जी आलंय का ते आधी शेजाऱ्याच्या फोनवर बघा.

पाण्याचं जरा नीट समजून घ्या, कारण फवारणीला तुम्ही फोन खिशातच ठेवत असाल. पाण्यात चालणाऱ्या फोनवर आयपी६८ असं मानक लिहिलेलं असतं, त्याची चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते. पंपातून गळणाऱ्या औषधाची हमी त्यात नाही. गंमत म्हणजे पाण्यात चालतो म्हणून विकलेल्या बहुतेक फोनच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान धरलेलं नसतं. प्लास्टिकचं झिपवालं पाकीट दीड-दोनशे रुपयांत मिळतं, तेच घ्या.

पाण्यापेक्षा आपल्याकडे फोनला मारतं ते ऊन. फोन वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं वातावरण ठीक, असं काही मोठ्या कंपन्या स्वतःच लिहितात. एप्रिल-मेमध्ये यवतमाळ, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४२-४५ वर असतो आणि तुमची कामं नेमकी त्याच दिवसांत. टिनाच्या मंडपात दुपारी ४के चालू ठेवलं तर ४२ हजारांचा फोनही तापून चित्रण बंद करू शकतो. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. तुमचा फोन दुपारी तीनला मान टाकतो त्याचं कारण बहुतेक हेच, तीन उन्हाळे. गाडीच्या डिक्कीत आणि उन्हातल्या खाटेवर फोन ठेवायची सवय असेल तर नवीन फोनचीही तीच गत होईल.

म्हणून आधी बॅटरी बदला. तुमच्या किमतीच्या फोनला कंपनीच्या सेवा केंद्रात दीड-दोन हजारांच्या घरात काम व्हावं. रस्त्याकडेच्या स्वस्त बॅटरीच्या नादी लागू नका, फुगतात. तेवढ्याच पैशात कॉलरला लावायचा एक वायरलेस माइक घ्या. पाहुण्यांच्या ओळखी, आहेर, भटजींचे मंत्र, सगळं डीजेच्या आवाजात बुडून जातं. घरचे लोक तो व्हिडीओ पुन्हा लावतात ते आवाज ऐकायला, अंगणातली रांगोळी किती बारीक दिसते ते बघायला नाही. तिवई आणि हातात धरायचा छोटा दिवा धरला तरी सगळा खर्च सहा हजारांच्या आत बसतो. आणि चित्र हलतंच असेल, तर हात स्थिर ठेवणारा गिंबल वेगळा मिळतो. तो फोन बदलला तरी पुढे चालतो.

हिशोब असा बघा. ४२,९९९ रुपये दीड हजाराच्या कामांतून काढायचे तर एकोणतीस कामं लागतील. मागच्या वर्षीच्या वेगाने तीन वर्षांहून जास्त, तेही प्रवासाचा आणि संपादनात जाणाऱ्या रात्रींचा खर्च न धरता. सहा हजार चार कामांत निघतात. चांगल्या आवाजामुळे दीड हजारांचे दोन हजार मागता आले, तर आणखीच लवकर.

एका गोष्टीने माझं मत बदलेल. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असेल आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय चालवणं शहाणपणाचं नाही. मग बॅटरीवरही खर्च करू नका. कापसाचे पैसे खात्यात आले की पीककर्जाची रक्कम बाजूला काढा, आणि उरलेल्यातून १५ ते १८ हजारांचा फोन रोखीने घ्या. घेताना कॅमेऱ्याच्या आधी विचारा की अपडेट किती वर्षं मिळणार. या किमतीतही आता काही फोनना सहा वर्षांचं आश्वासन मिळतं. पक्कं बिल मागा, सेवा केंद्र यवतमाळात आहे का तेही विचारा.

मोठा फोन कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. व्हिडीओच्या कामांचे पैसे आजपासून वेगळ्या खात्यात टाका, घरखर्चात मिसळू देऊ नका. पुढच्या दिवाळीला त्या खात्यात २५ हजार दिसले तर धंदा खरंच वाढतोय, आणि तोवर आज ४२ हजारांना असलेला फोन बराच उतरलेला असेल. त्या पैशाने घ्या, बाबांना सांगायचंही कारण पडणार नाही. २५ हजार नाही जमले, तर त्या फोनची गरजही नव्हती.

आईच्या फोनचं : नवीन फोन घ्याल तेव्हा जुना तीन हजारांत दुकानदाराला देण्यापेक्षा आईलाच द्या, बॅटरी बदललेली असली तर आणखी दोन वर्षं बोलणं आणि व्हिडीओ कॉल सहज निघतील. अपडेट थांबलेला असेल तर त्यावर आईचं बँक खातं जोडू नका. देण्याआधी तुमची बँक आणि यूपीआयची अ‍ॅप, जीमेल सगळं काढून फोन पुसून कोरा करा. गिऱ्हाइकांचे राहिलेले व्हिडीओ मात्र त्याआधी उतरवून घ्या.