संख्यात्मक संशोधनातले चलांचे प्रकार नेमके कसे ओळखायचे?

तुम्ही लिहिलंय की स्वतंत्र, अवलंबी, मध्यस्थ, नामिक, क्रमिक, सतत (कंटिन्युअस) ही सगळी नावं पाठ झाली, तरी तुमच्या प्रबंधातला 'झोप' हा चल (व्हेरिएबल, म्हणजे माणसागणिक बदलणारी मोजायची गोष्ट) यांतल्या कुठल्या खणात बसतो ते कळत नाही. माझ्या मते याचं मूळ पुस्तकांच्या मांडणीत आहे. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथे एकाच यादीत कोंबलेली असतात. माझ्या अभ्यासात हा चल कोणतं काम करतो, हा पहिला प्रश्न. तो मी मोजला कसा, हा दुसरा. प्रत्येक चलाला हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.

आधी कामाचं बघू. चलाची भूमिका तुमचा संशोधन प्रश्न ठरवतो. कमी झोपेमुळे स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण घटतात का, असं विचारलंत तर झोप स्वतंत्र चल, म्हणजे कारण मानलेला, आणि गुण अवलंबी, म्हणजे त्याचा परिणाम. रात्री उशिरापर्यंत फोन बघितल्याने झोप कमी होते का, असं विचारलंत तर तीच झोप अवलंबी झाली. आणि ताणामुळे झोप बिघडते, झोप बिघडल्यामुळे स्मरण मंदावतं, अशी साखळी तपासायची असेल तर झोप मध्यस्थ चल, म्हणजे मीडिएटर. म्हणून संशोधन प्रश्न एका वाक्यात लिहून होईपर्यंत चलाचा प्रकार ठरवायला बसूच नका.

मीडिएटर आणि मॉडरेटर यांत भलेभले अडखळतात. बॅरन आणि केनी या मानसशास्त्रज्ञांचा 1986चा गाजलेला लेख हाच फरक स्पष्ट करण्यासाठी होता. परिणाम कसा पोचतो ते मीडिएटर सांगतो. कुणावर किंवा कोणत्या परिस्थितीत तो जास्त होतो आणि कुठे कमी, ते मॉडरेटर सांगतो. कमी झोपेचा फटका वयानुसार कमीजास्त बसत असेल, तर वय हा मॉडरेटर.

'स्वतंत्र' या शब्दाबद्दलही थोडं सांगतो. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने 1747 साली स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेले 12 खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. बाकीचा आहार आणि राहण्याची जागा त्याने सारखी ठेवली. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सुधारली. इथे उपचार हा खरोखर संशोधकाच्या हातातला स्वतंत्र चल, आणि सारखं ठेवलेलं सगळं म्हणजे नियंत्रित चल. सर्वेक्षणात मात्र कोण किती झोपतं हे आपण ठरवत नाही, फक्त नोंदवतो. तिथे त्याला प्रेडिक्टर, म्हणजे ज्यावरून नुसता अंदाज बांधतो तो चल, म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण मग निष्कर्षात 'यामुळे' हा शब्द लिहिताना हात आपोआप थबकतो.

थबकायलाच हवं, कारण तिसराच चल दोन्हींवर परिणाम करत असू शकतो. जुनाट दुखणं असलेल्या माणसाला झोपही नीट लागत नाही आणि त्याचं लक्षही लागत नाही. दुखणं मोजलंच नाही, तर त्याचा सगळा दोष झोपेच्या माथी जातो. असा तिसरा चल म्हणजे कन्फाउंडर.

मग सगळेच चल नियंत्रित करून टाकावेत का, म्हणजे विश्लेषणात त्यांचा परिणाम बाजूला काढावा का? तसंही नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं 1973चं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. विभागवार आकडे पाहिल्यावर ही तफावत जवळजवळ नाहीशी झाली, उलट थोडं झुकतं माप स्त्रियांकडे दिसलं. ज्या विभागांत प्रवेश मिळणंच कठीण, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त प्रमाणात होते. काटेकोरपणे बघितलं तर विभाग हा इथे मध्यस्थ आहे, कारण विभागाची निवड लिंगानंतर येते. प्रवेश समित्यांनी पक्षपात केला का, हे विचारायचं असेल तर विभाग लक्षात घ्यायलाच हवा. पण स्त्रियांना एकूण संधी कमी का मिळते, हे विचारायचं असेल आणि विभाग नियंत्रित केला, तर उत्तराचा मोठा भाग आपणच पुसून टाकतो.

मोजमापाचा प्रश्न त्या मानाने सोपा. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946मध्ये मांडलेल्या चार श्रेणी अजूनही शिकवतात. नामिक म्हणजे नुसते गट, जसा रक्तगट. क्रमिक म्हणजे क्रम आहे, पण दोन पायऱ्यांतलं अंतर सारखं असल्याची खात्री नाही, जसं 'असहमत' ते 'पूर्ण सहमत'. अंतराल श्रेणीत अंतरं सारखी, पण शून्य मानलेलं, म्हणून 20 अंश सेल्सिअस हे 10 अंशांच्या दुप्पट गरम नव्हे. गुणोत्तर श्रेणीत शून्य खरं असतं, त्यामुळे आठ तासांची झोप चार तासांच्या दुप्पट म्हणता येते.

माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी झोपेसाठी 'कमी, मध्यम, जास्त' असे तीन पर्याय दिले होते. भरायला सोपे म्हणून. विश्लेषणाच्या वेळी सरासरी तास हवे होते, आणि ते कुठूनच काढता येईनात. तासांवरून गट कधीही पाडता येतात, गटांवरून तास परत मिळत नाहीत. तुमची प्रश्नावली अजून वाटली गेली नसेल, तर झोपेचा प्रश्न आकड्यात विचारलाय ना, एवढं आजच बघून घ्या.