राणी व्हिक्टोरिया १८४० मध्येच मारली गेली असती तर गादीवर कोण बसलं असतं?

तिचे काका अर्नेस्ट ऑगस्टस. आणि ते ब्रिटनला फार महागात पडलं असतं.

१० जून १८४० ला लंडनमध्ये उघड्या बग्गीतून जाताना एडवर्ड ऑक्सफर्ड नावाच्या पोराने तिच्यावर दोन पिस्तुलं झाडली. ती गरोदर होती. पहिली मुलगी नोव्हेंबरमध्ये झाली, तोवर वारस हेच काका.

खरं तर तिसऱ्या जॉर्जचा हा पाचवा मुलगा, त्याचा नंबर लागेल असं कुणाला वाटणार? पण तोवर ब्रिटनच्याच राजाकडे असलेल्या हॅनोव्हर या जर्मन राज्याची गादी बाईला मिळत नसल्यामुळे १८३७ मध्ये ते राज्य त्याच्याकडे गेलं, आणि तिथे त्याने आपले रंग दाखवले. १८३३ ची राज्यघटनाच रद्द केली. ग्योटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी निषेध केला, तर सातही जणांना घरी बसवलं. त्यात परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधूही होते. तिघांना हद्दपार केलं, याकोब ग्रिम त्यातलाच.

लंडनमध्ये त्याने असं काही केलं असतं, तर पार्लमेंटने त्याला टिकू दिलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. १८३२ च्या मतदान सुधारणेला विरोध करणारा माणूस कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीच्या काळात राजा, ही ठिणगीच होती.

तो १८५१ मध्ये वारला. पुढे त्याचा अंध मुलगा जॉर्ज. म्हणजे १८५८ चा आपल्याकडचा 'राणीचा जाहीरनामा' राजाचा झाला असता! शिवाय १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हर गिळलं, ते ब्रिटनच्या राजाचं राज्य असतं तर प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने दहादा विचार केला असता.