म्युनिकची ऑफर आली आहे, जाऊ का? (ऐरोलीच्या एका डिलिव्हरी हेडला उत्तर)

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. वय 41, ऐरोलीत डिलिव्हरी हेड (म्हणजे सॉफ्टवेअरचे प्रकल्प वेळेवर पोचवणारा), हाताखाली 160 माणसं, घोडबंदर रोडला टू बीएचके, आणि म्युनिकच्या एका कंपनीकडून 'हेड ऑफ इंजिनिअरिंग'ची ऑफर. "तिकडे लीडरशिपमध्ये वर जायला किती वाव आहे आणि फॅमिली सेटल व्हायला किती वेळ लागतो?" असं तुम्ही विचारलंय. 2016 साली मी हेच विचारत फिरत होतो. फरक एवढाच की मी नौपाड्यात राहायचो आणि ठाणे-वाशी लोकलने रबाळ्याला उतरायचो.

ब्लू कार्ड (युरोपात राहून नोकरी करायचा परवाना), पगाराची अट, विमा हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे. ते तिथेच वाचा.

तुम्ही नडेला आणि पिचाई यांचा दाखला दिलात. आपल्याकडे प्रत्येक जण देतो, मीही द्यायचो. पण जरा तारखा बघा. सत्या नडेला मायक्रोसॉफ्टमध्ये 1992 ला लागले, सीईओ झाले 2014 ला. अरविंद कृष्ण आयबीएममध्ये 1990 ला, सीईओ 2020 ला. पिचाई गूगलमध्ये 2004 ला आले आणि 2015 ला वर पोचले. सगळे विशीत अमेरिकेत शिकायला गेलेले, तिथल्या कँटीनमध्ये, तिथल्या विनोदांवर हसत मोठे झालेले. आपण चाळिशीत, दुसऱ्या देशात, तिसऱ्या भाषेत जातोय. हा रस्ताच वेगळा आहे. त्यांचं नाव घेऊन बायकोला पटवू नका.

आता मूळ मुद्दा. रबाळ्यात माझ्या हाताखाली 140 जण होते. इथे जर्मनीत पहिल्या दिवशी नऊ. पद मोठं, माणसं नऊ. त्याचंही काही नाही, पण माझं खरं कौशल्य काय होतं हे मला इथे आल्यावर कळलं, आणि ते इथे चालत नाही हेही.

"होऊन जाईल सर." हे वाक्य तुम्ही आज सकाळपासून किती वेळा ऐकलंत? त्याचे निदान चार अर्थ आहेत. खरंच होईल. रात्री बसलो तर होईल. होणार नाही, पण आत्ता सगळ्यांसमोर विचारू नका. आणि चौथा, मी राजीनामा दिलाय, तुम्हाला सोमवारी कळेल. हे चार अर्थ आवाजावरून ओळखायला मला पंधरा वर्षं लागली. कोणाला चहाला खाली न्यायचं, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, कोणाचं गृहकर्ज नुकतंच झालंय म्हणजे तो दिवाळीपर्यंत हलत नाही, हे मला तोंडपाठ असायचं. माझं मॅनेजमेंट म्हणजे हेच होतं. एमबीएची पदवी भिंतीवर होती.

इथे दुसऱ्याच आठवड्यात मी एका सीनियर डेव्हलपरला म्हटलं, शुक्रवारपर्यंत डेमो हवाय. तो म्हणाला, "नाही." कॉफी ढवळत, अगदी शांतपणे. मी त्या 'नाही'च्या मागचं काहीतरी शोधत बसलो. नाराज आहे का? माझ्या जागेवर त्याला बढती हवी होती का? तीन दिवस शोधलं. त्यामागे काहीही नव्हतं. काम आठ दिवसांचं होतं, एवढंच. तो 'नाही' ऐकायला पंधरा वर्षांचा अनुभव लागत नाही, कोणीही ऐकू शकतं. मग मला कशासाठी आणलं होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

कामगार मंडळाबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण ऑफर लेटरमध्ये त्याचा उल्लेख नसतो. बेट्रिब्सराट म्हणतात. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ, आपल्या युनियनसारखं दारात घोषणा देणारं नाही. 1972 च्या कायद्याचं 87 वं कलम असं आहे की, माणसाच्या कामावर किंवा वागण्यावर नजर ठेवू शकेल अशी कोणतीही यंत्रणा या मंडळाच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. रबाळ्यात आमच्या मजल्यावर मोठा टीव्ही होता, त्यावर जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधून कोणी किती तिकिटं, म्हणजे कामं, बंद केली ते नावानिशी दिसायचं. तोच डॅशबोर्ड मी इथे मोठ्या उत्साहाने मांडला. मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे आमच्याच टेस्टिंगमधल्या एक बाई, हातात विणकाम. त्यांनी एकच विचारलं, "यातून एकेका माणसाचं काम मोजता येतं का?" मी अभिमानाने म्हणालो, "हो, तेच तर!" झालं. प्रकरण आठ महिने अडकलं आणि शेवटी नावं काढून टाकल्यावर सुटलं. नावं नसलेल्या डॅशबोर्डकडे नंतर कोणी बघितलंही नाही, मीसुद्धा नाही.

तसंच कामाच्या तासांचं. दिवसाचं काम संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती, हा कायदा आहे. रात्री अकरापर्यंत प्रॉडक्शनचा गोंधळ निस्तरणारा मुलगा सकाळी दहाला येतो म्हणून मी त्याच्याबद्दल मनात काय काय लिहून ठेवलं होतं. तो नियमाने वागत होता. आणि कोणाला काढायचं झालं तर मंडळाचं म्हणणं आधी ऐकावंच लागतं, न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल ठरते. आपल्यासारखं शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप जमा करून घेणं विसरा. (खरं सांगायचं तर ते विसरायला मला बरं वाटलं. रबाळ्यात एका शुक्रवारी मी सहा जणांचे लॅपटॉप घेतले होते.)

कागदपत्रांचं एकच सांगतो, नावाचं. आपल्या पासपोर्टवर बहुतेकांच्या पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचंही नाव येतं. ते इथे तुमचं दुसरं नाव होतं आणि कुठेही चिकटतं. दातांच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये माझ्या नावाचा पुकारा व्हायचा आणि सात वर्षांची माझी मुलगी उठून उभी राहायची. तेव्हा हसायचो. माझे वडील 2020 मध्ये गेले, विमानं बंद होती, मला जाता आलं नाही. विम्याच्या पत्रांवर माझ्या नावाला जोडून त्यांचं नाव अजूनही येतं. तर पासपोर्ट नवा करणार असाल तर रकाने नीट बघून भरा.

एकटेपणाबद्दलही विचारलंत. मराठी मंडळ आहे, गणपती आहे, ढोलपथकसुद्धा आहे. होतं सवयीचं.

बायकोला काम करायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, ऑफरमध्ये हे वाक्य ठळक छापलेलं असेल. माझी बायको ठाण्यात अकरा वर्षं गणित शिकवायची. इथे शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रात आहे. ती तक्रार करत नाही. मुलं चुकीचा गुणाकार करताना दिसली की उठून दुसऱ्या खोलीत जाते, असं तिनेच एकदा सांगितलं.

आता शाळा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीनंतर मुलांची वाटणी होते. चौथीच्या मे महिन्यात एक दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत रेआलशूल (मधली), त्यापुढे मिटेलशूल (हाताच्या कामाकडे नेणारी). इथे 1 म्हणजे उत्तम, आकडा जितका लहान तितकं चांगलं. दहा वर्षांच्या पोराचं हे असं ठरतं. माझी मुलगी दुसरीत इथे आली, जर्मनचा एक शब्द येत नव्हता. 2019 च्या मे महिन्यात तिच्या दाखल्यावर गणितात 2, जर्मनमध्ये 3, परिसर अभ्यासात 3. म्हणजे 2.66. एका विषयात एका आकड्याने राहिलं.

तीन दिवसांचा एक चाचणी वर्ग असतो, तिथे पुन्हा संधी मिळते. त्याचं पत्र घरी आलं होतं. त्या महिन्यात आमच्या कंपनीत पुनर्रचना चालली होती, माझे नऊचे तेवीस होणार की शून्य यावर बैठका चालल्या होत्या. पत्र मी संध्याकाळी वाचीन म्हणून फ्रिजवर ठेवलं. घरात जर्मन पत्रं वाचायचं काम माझ्याकडे होतं. वाचलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. माझे तेवीस झाले.

आणि हे कमी म्हणून की काय, 2021 मध्ये एका तुर्की सहकाऱ्याकडून कळलं की, जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती आणि ज्यांची अडचण भाषेचीच आहे, त्यांना 3.33 पर्यंतसुद्धा गिम्नाझियमसाठी पात्र ठरवता येतं. नियमात लिहिलेलं आहे. वर्गशिक्षिका बोलल्या नाहीत, पण मीही विचारलं नाही. पालकसभेच्या दिवशी मी बर्लिनला होतो. इतक्या माणसांच्या 'हो'मधला 'नाही' ओळखणारा मी, घरातल्या पोरीला "शाळेत ठीक आहे का?" विचारायचो आणि ती "हो बाबा" म्हणायची.

रस्ता कायमचा बंद होत नाही. रेआलशूलनंतर ती आता एफओएसमध्ये (रेआलशूलच्या पुढची वरची शाळा) अकरावीत आहे, तेरावी केली की विद्यापीठाचं दार उघडतं. तिला माझ्याइतकं वाईट वाटत नाही, किंवा ती तसं म्हणते.

तुमच्या प्रश्नात पगार आहे, शेअर्स आहेत, रिपोर्टिंग कोणाला ते आहे, फ्लॅट भाड्याने द्यावा की विकावा तेही आहे (विकू नका). मुलगा आहे एवढंच लिहिलंय. तो कितवीत आहे ते आधी कळवा. वाव किती आहे ते त्यानंतर बोलू.