परदेशातून मूल दत्तक घेताना न्यायालयाच्या आदेशाला उशीर होत असेल, तर काय करावे?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलीशी जुळणी होऊन, म्हणजे ती तुमच्यासाठी सुचवली जाऊन, सहा महिने झाले, दोन्ही देशांची संमती आली, अर्ज तिथल्या न्यायालयात दाखल झाला, पण दत्तक संस्थेकडून ‘प्रकरण प्रलंबित आहे’ यापलीकडे काही कळत नाही. तेव्हा हा नकारच समजावा का, आणि या काळात तुमच्या हातात काही आहे का? आमच्या मुलाच्या वेळी जुळणीपासून आदेशापर्यंत अकरा महिने गेले. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

उशीर म्हणजे नकार नव्हे. आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा हेग करार 29 मे 1993 रोजी झाला आणि 1 मे 1995 पासून अमलात आला. तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून दोन्ही देश त्या करारातले दिसतात. त्याच्या सतराव्या कलमानुसार दोन्हीकडच्या मध्यवर्ती प्राधिकरणांनी, म्हणजे करारातल्या प्रत्येक देशाने दत्तकाच्या कामासाठी नेमलेल्या यंत्रणेने, पुढे जाण्यास मान्यता दिल्याशिवाय मूल सोपवण्याचा निर्णय घेता येत नाही, आणि ही पायरी तुम्ही ओलांडली आहे. मात्र ती मान्यता म्हणजे दत्तक नव्हे. आदेश होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुमचे त्या मुलीशी काही नाते नाही, हे कटू वाटले तरी लक्षात ठेवावे लागते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण इथे ती चढल्यावाचून मूल आपले होत नाही.

न्यायालय एवढे काय तपासते, असा राग मलाही यायचा. ते मुख्यतः तुम्हाला तपासत नसते, मूल खरोखर दत्तक देण्याजोगे आहे का हे तपासत असते: जन्मदात्यांची संमती लेखी आणि स्वेच्छेची आहे का, तिच्या बदल्यात पैसे दिले गेले नाहीत ना, आईची संमती बाळाच्या जन्मानंतर घेतली आहे का, मायदेशातच घर मिळण्याची शक्यता पाहिली गेली का. मार्च 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य व सलोखा आयोगाने जाहीर केले की पूर्वी परदेशी पाठवलेल्या अनेक मुलांच्या नोंदी खोट्या होत्या आणि आईवडील हयात असलेल्या मुलांनाही कागदोपत्री अनाथ ठरवले गेले होते. तुमची मुलगी पंचवीस वर्षांची होऊन आपली फाइल मागेल, तेव्हा तिला त्यात काय सापडावे, याचा विचार केला की एखादी जादा तारीख सोसते. निदान मला सोसली, दोन मात्र सोसल्या नाहीत.

आता हातातल्या गोष्टी. सर्वप्रथम आदेश नेमका कोण देणार हे विचारा, कारण सगळीकडे न्यायाधीशच तो देतात असे नाही. भारतात 2021 च्या दुरुस्ती कायद्याने हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला. त्यानंतर संस्थेला ‘काही कळले का?’ असे विचारणे सोडून द्या, कारण त्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळते. अर्जाचा क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख मागा, गेल्या तारखेला सुनावणी तहकूब झाली, हरकत निघाली की निकाल राखून ठेवला हे विचारा, आणि कमी पडलेल्या कागदाचे नाव लेखी घ्या. महिन्यातून एकदा असे पत्र पाठवले की समोरच्यालाही फाइल उघडावी लागते.

आमची फाइल अडली होती ती माझ्या नावावर. पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव, पदवीच्या प्रमाणपत्रावर आधीचे, आणि भाषांतरकाराने ती दोन माणसे असल्यासारखी लिहिलेली. अर्जदार दोन आहेत की तीन, असा प्रश्न न्यायाधीशांनी विचारला आणि पुढची तारीख सात आठवड्यांनी पडली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे एका पानाचे प्रतिज्ञापत्र आधीच जोडले असते, तर ते सात आठवडे वाचले असते. तुमचे सगळे कागद आजच या नजरेने वाचा. शिवाय वैद्यकीय दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला, गृह अध्ययन अहवाल (तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी करून लिहिलेला) आणि मुलीच्या प्रवेशासाठी तुमच्या देशाने दिलेली पूर्वपरवानगी या प्रत्येकाची मुदत वेगळी असू शकते. त्यांपैकी एखादी ऐन सुनावणीच्या तोंडावर संपली, तर दोष न्यायालयाला देता येत नाही.

परस्पर संपर्क मात्र टाळा. ठरावीक अटी पूर्ण होईपर्यंत दत्तक घेणाऱ्यांनी मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी थेट संपर्क साधू नये, असे करारातच आहे. काही अपवाद आहेत, पण ते प्राधिकरणाकडून लेखी विचारून घ्यावेत. आणि ‘थोडे जास्त दिलेत तर तारीख लवकर लागेल’ असे कोणी सुचवले, तर ते प्राधिकरणाला त्याच दिवशी कळवा. तुमच्या घाईच्या पैशाने सगळी संमतीच संशयात येऊ शकते.

सर्वांत जड जाते ते मूल मोठे होताना दुरून पाहणे. पहिल्या फोटोत आमचा मुलगा नऊ महिन्यांचा होता आणि हसताना खालचा एकच दात दिसत होता. अहवालातल्या मापावरून मी बूट घेतले. आदेश झाला तेव्हा तो वीस महिन्यांचा होता आणि ते बूट त्याच्या टाचेपर्यंतही चढत नव्हते. दरम्यान संस्थेच्या परवानगीने आम्ही आमचे फोटो आणि रात्रभर उशाशी ठेवलेला एक मऊ रुमाल पाठवला, आणि सांभाळणाऱ्या बाईंकडून त्याच्या सवयी लिहून मागवल्या. त्यांनी पाठवलेल्या कागदावर एक ओळ होती: ‘उजव्या कुशीवर झोपतो, दिवा मालवला तर उठतो.’ चौदा पानांच्या वैद्यकीय अहवालापेक्षा पहिल्या रात्री ती ओळ कामी आली. तुम्हीही अशी माहिती आत्ताच मागवा. पुढे तिला सांभाळणारी माणसे बदलली की ती मिळणे अवघड होते.

शेवटचे म्हणजे, आदेश झाल्याचा फोन आला म्हणून तिकिटे काढू नका. मी काढली आणि दोनदा बदलली. अनेक ठिकाणी अपिलाची मुदत संपावी लागते, त्यानंतर प्रमाणित नक्कल, जन्मदाखला, पासपोर्ट आणि प्रवेशाचा व्हिसा हे टप्पे असतात. शिवाय दत्तक करारानुसार झाल्याचे, तेविसाव्या कलमाखालचे प्रमाणपत्र जरूर मागून घ्या, कारण त्याच्या आधारे हा दत्तक करारातल्या इतर देशांत आपोआप मान्य होतो. आणि नक्कल हाती पडताच मुलीचे नाव, जन्मतारीख आणि तुमची नावे अक्षरन् अक्षर तपासा, तीही तिथून निघण्याआधी. आमच्या आदेशात जन्माचा महिना चुकला होता, आणि तो आम्हाला विमानतळावर जायच्या आदल्या संध्याकाळी दिसला.