नोकरी आणि दोन मुलं सांभाळून बाबाने स्वतःचा छंद कसा जपावा? आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्या घरी मुलांबरोबर काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, दिवस नोकरीत जातो, संध्याकाळ घरकामात, आणि छंद म्हणून जे काही होतं ते कपाटात पडून आहे. सुट्टी लागलीय, मुलं घरात आहेत, बाहेरगावी जाणं जमणार नाही. माझ्या घरची परिस्थिती अगदी हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छंदासाठी वेगळा वेळ काढायचा विचार आधी सोडून द्या. लहान मुलांच्या घरात असा वेळ नसतो. कुठून तरी ओढून काढलात, तर तो बायकोच्या नाहीतर मुलांच्या वाट्यातून जातो आणि मग मन त्यात रमत नाही. छंद घराच्या मधोमध आणून ठेवायचा. मुलं येतील, बघतील, कंटाळली की निघून जातील. आपण आपलं करत राहायचं.

अर्थात सगळेच छंद यात बसत नाहीत. मी तीन गोष्टी बघतो. हातातलं काम कुठल्याही क्षणी अर्धवट सोडता आलं पाहिजे, कारण कुणाला तरी शू लागतेच. पाच वर्षांच्या मुलाने हात लावला तरी काही बिघडता कामा नये. आणि रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तरी ती पुरली पाहिजेत. या तिन्हींत माझा आकाश बघण्याचा छंद चपखल बसला. तुमचा वेगळा असेल. बागकाम, पक्षी, जुनी घड्याळं दुरुस्त करणं, काहीही. पण उन्हाळा आणि मुलं म्हटल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं आकाशाचंच जास्त आहे.

रोजचा दिवस थोडक्यात सांगतो. सकाळी मुलांना उठवणं, अंघोळी, माझं ऑफिस. रात्रीची भांडी माझ्याकडे. जेवण आटोपल्यापासून मुलं झोपेपर्यंत जो काही वेळ उरतो तो गच्चीवर. सतरंजी, पाण्याची बाटली आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी, एवढंच सामान. लाल कागद अशासाठी की डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एकदा डोळ्यांवर पडला की ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. मंद लाल उजेडाने तसं फारसं होत नाही. मोबाईल खालीच ठेवतो, त्यामागचं पहिलं कारण हेच आहे. दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्याकडे सगळ्यात रंगलेला खेळ म्हणजे आपापला तारा शोधणं. ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला जितकी वर्षं लागतात तितकंच ज्याचं वय, त्याचा तो तारा. मोठी साडेआठ वर्षांची झाली तेव्हा तिला व्याध दाखवला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो संध्याकाळी पश्चिमेकडे खाली आलेला असतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, अंतर सुमारे 8.6 प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशाला यायला तेवढी वर्षं लागतात. तिला म्हटलं, "आत्ता जो उजेड तुझ्या डोळ्यांत शिरतोय ना, तो तू जन्मलीस त्या सुमाराला तिथून निघाला होता." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तो इतकी वर्षं चालतच होता? मी शाळेत होते तेव्हापण?" हो, तेव्हापण. तू रांगत होतीस तेव्हापण.

त्यानंतर प्रत्येकाला आपला तारा हवा झाला. बायकोसाठी स्वाती, सुमारे 37 प्रकाशवर्षं. माझ्यासाठी ब्रह्महृदय, सुमारे 43. आजोबांसाठी मघा, साधारण 79, आणि आजोबांचं वय नेमकं तेच निघाल्यामुळे त्या रात्री ते स्वतः जिना चढून वर आले. धाकट्याला खूप जवळचा तारा हवा होता. सूर्य सोडला तर आपल्या सर्वांत जवळची ताऱ्यांची जोडगोळी म्हणजे मित्र (अल्फा सेंटॉरी), सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडी लांब. तो तारा दक्षिणेकडे क्षितिजालगत असतो. उत्तरेला फार वर राहणाऱ्यांना तो दिसतच नाही, पण आमच्या गच्चीवरून दिसतो. या खेळाची गंमत अशी की वय वाढतं तसा तारा मागे पडतो. प्रत्येक वाढदिवसाला नवा शोधावा लागतो आणि काही वयांना डोळ्यांना दिसणारा ठळक तारा सापडतच नाही. मग मुलगी यादी घेऊन बसते आणि सगळ्यात जवळचा आकडा कुणाचा ते ठरवते. मी मधे पडत नाही.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर सप्तर्षींपासून. उन्हाळ्यात संध्याकाळी ते उत्तरेकडे वर आलेले असतात. त्यांच्या चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे म्हणजे क्रतू आणि पुलह, त्यांच्यामधली रेघ क्रतूच्या पुढे त्याच दिशेने त्या अंतराच्या पाचपट वाढवली की ध्रुवतारा. शेपटीकडची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी झाक असलेली स्वाती, आणखी पुढे गेलं की निळसर पांढरी चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक अरुंधती दिसते का ते मुलांना बघू द्या. लहान डोळ्यांना ती आपल्याआधी दिसते. रात्र जरा चढली की आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो आणि त्याच्या मधोमध लालसर ज्येष्ठा. हा तारा सूर्याच्या जागी आणून ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल, हे ऐकून धाकटा दोन्ही हात पसरून "एवढा?" म्हणतो आणि मग हात पुरत नाहीत म्हणून बहिणीचेही हात घेतो.

अंतरं मोजायला फूटपट्टी लागत नाही. हात सरळ लांब करून मूठ आकाशावर धरली की ती सुमारे 10 अंश झाकते, करंगळी साधारण 1 अंश. मुलांची मूठ लहान, पण हातही तेवढाच आखूड, त्यामुळे हिशोब सारखाच येतो. चंद्र फक्त अर्ध्या अंशाचा आहे. क्षितिजावर तो केवढा तरी मोठा वाटतो, पण तेव्हाही करंगळीच्या नखाआड पुरता लपतो. हे मुलांना सांगून पटत नाही, करायला लावा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जाताना दिसलं तर त्या दिवसासारखा दिवस नाही. वेळ आधी बघून ठेवावी लागते. ते सूर्यास्तानंतर किंवा पहाटे दिसतं, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि सुमारे 400 किलोमीटर उंचीवर त्याच्यावर मात्र ऊन पडलेलं असतं. विमानासारखे लुकलुकणारे दिवे नाहीत, आवाज नाही, एकच स्थिर ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. वेग ताशी सुमारे 28,000 किलोमीटर, पृथ्वीभोवती एक फेरी साधारण दीड तासात. नोव्हेंबर 2000 पासून त्यात सतत कुणी ना कुणी राहत आलंय. कधीकधी तो ठिपका आकाशाच्या मध्यावरच विझत जातो, कारण पृथ्वीच्या सावलीत शिरतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मुलीला वाटलं आतल्या लोकांनी दिवा बंद केला. आम्ही सगळे हात हलवतो. वरच्यांना ते दिसत नाही हे मुलांना माहीत आहे, तरी हलवतात, आणि मीही हलवतो.

दुपारी बाहेर पडवत नाही तेव्हाही सूर्य घरबसल्या बघता येतो. झाडाखाली जमिनीवर जे कवडसे पडतात ते नीट बघा. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असतात, पण लहान फटींमधून आलेले कवडसे गोल पडतात. प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. झाड जवळ नसेल तर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा आणि सावलीत पांढरा कागद धरा. कागद उन्हाला काटकोनात धरला तर भोकापासून कागदापर्यंतचं अंतर त्या ठिपक्याच्या रुंदीच्या सुमारे 108 पट भरतं. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण तितक्याच पट लांब असल्यामुळे हे होतं. मुलीने पाच सेंटिमीटरचा कवडसा मोजला, गुणाकार केला आणि पानांतली ती फट कवडशापासून साडेपाच मीटरच्या आसपास अंतरावर असल्याचं जाहीर केलं. सुट्टीत तिने आपणहून केलेला तो पहिला गुणाकार. मी "शाब्बास" एवढंच म्हटलं, पाढ्यांचा विषय काढला नाही. तो काढला असता तर दुसऱ्या दिवशी ती झाडाखाली आली नसती.

याच दुपारी एक प्रश्न हमखास येतो: उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का? नाही. उलट जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, सुमारे 15 कोटी 21 लाख. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कलल्यामुळे. हे तोंडी सांगत बसू नका. खोलीत अंधार करा, बॅटरीचा झोत फरशीवर सरळ पाडा, मग तिरका पाडा. सरळ झोताचं वर्तुळ लहान आणि लख्ख, तिरक्याचं लांबट आणि फिकट. बॅटरी तीच, उजेड तेवढाच, फक्त जास्त फरशीवर पसरला. धाकट्याला कारण कळलं की नाही कोण जाणे, पण बॅटरी आता त्याच्याकडेच असते.

ढग आले तर? मग रातकिडे ऐकतो. एमॉस डॉलबेअर या अमेरिकन प्राध्यापकांनी 1897 मध्ये रातकिड्याच्या आवाजाच्या गतीवरून हवेचं तापमान काढण्याचं सूत्र मांडलं होतं. आकडे जातीप्रमाणे बदलतात, त्यामुळे ते सूत्र सगळीकडे जसंच्या तसं लागू पडत नाही, पण हवा उबदार असेल तेव्हा किडा भरभर आणि गार असेल तेव्हा सावकाश ओरडतो हे कानांनी कळतं.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. दुर्बीण घ्यायची झाली तर मुलांच्या नादाने एकदम मोठी, तिवईवरची घेऊ नका. 7×50 किंवा 10×50 ची (सातपट किंवा दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) दोन डोळ्यांची दुर्बीण पुष्कळ झाली. कठड्यावर कोपरं टेकवून गुरू बघितलात तर त्याच्या शेजारी बारीक ठिपके दिसतील, गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिले ते चार चंद्र. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात, म्हणून वहीत रोज चार टिंबं काढून ठेवायची. चंद्र बघायचा तर पौर्णिमेला नको, अष्टमीच्या आसपास बघा. उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डे उठून दिसतात. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, एक क्षणसुद्धा बघायचं नाही. दिवसा ती कुलपात राहू द्या, पाच वर्षांच्या मुलाच्या घरात तर नक्कीच.

मुलाला ताऱ्यांची नावं पाठ करायला लावू नका, आलेल्या पाहुण्यांपुढे म्हणायला तर अजिबात नाही. त्याच्यासाठी चंद्र पुरेसा आहे. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कुठे दिसला, केवढा दिसला ते त्याने कागदावर काढायचं. अमावास्येनंतर दोन दिवसांनी सुरुवात करा, तेव्हा कोर पश्चिमेला जेवणाच्या वेळेआधी दिसते. चंद्र दिवसाला सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमा उलटली की मुलाच्या झोपायच्या वेळेला चंद्र आकाशात नसेल आणि मुलगा जागं राहायचा हट्ट करेल. त्या रात्री झोपू द्या आणि सकाळी लवकर उठवून पश्चिमेला दाखवा, तो तिथे असतो. मुलीला मात्र तिच्या वयाचा तारा शोधायला सांगा. नऊ वर्षांना व्याध अजून चालेल, पुढच्या वर्षीसाठी प्रश्वा आहे, साडेअकरा प्रकाशवर्षांच्या जरासा आत.