‘किती’च्या पुढचं इंग्रजी

प्रश्न : मी फर्दापूरची. बारावी कला शाखा, मराठी माध्यम. वडील अजिंठा लेण्यांच्या फाट्यावर, टी-जंक्शनला, स्फटिक विकतात. ते आणि गावातले पुष्कळजण पर्यटकांशी इंग्रजीत बोलतात, पण लिहिता-वाचता येत नाही. मला गाइड व्हायचंय. कॉलेजातल्या मुली म्हणतात, दगडवाल्यांच्या इंग्रजीवर कोण काम देणार? शहरात राहून २५ हजारांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

उत्तर : एवढे पैसे इतक्यात घालू नकोस. आणि त्या मुलींचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. फ्रेंच माणसाचं इंग्रजी वेगळं, कोरियन माणसाचं वेगळं, ऑस्ट्रेलियनचं आणखी वेगळं. तुझे वडील ही सगळी समजून घेतात आणि समोरच्याला आपलं म्हणणं समजावतात. न घाबरता तोंड उघडणं हेच मराठी माध्यमाच्या मुलांना सगळ्यात जड जातं, आणि तू ते लहानपणापासून घरात ऐकते आहेस.

तरी एक उणीव आहे, तीही सांगते. दुकानातलं इंग्रजी ‘किती’चं असतं. किंमत, रंग, ‘नुसतं बघा तरी’. दोन-तीन शब्दांत काम होतं. गाइडला मात्र लोक ‘का’ विचारतात. दहाव्या लेण्यातला स्तूप साधा, त्यावर बुद्धमूर्ती नाही. सव्विसाव्यातल्या स्तूपावर मात्र बुद्ध बसलेले कोरले आहेत. असं का? इथे दोन्ही लेण्यांमधलं ५००-६०० वर्षांचं अंतर सांगावं लागतं, आधी बुद्धांना मूर्तीऐवजी स्तूपासारख्या खुणांमधून दाखवत आणि मूर्ती पुढे आली, हे सांगावं लागतं. म्हणजे सात-आठ वाक्यं सलग, भूतकाळात, कारणासकट. क्लास पूर्ण करूनही पहिल्याच ‘का’ला गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून सुरुवात मराठीतूनच कर. एकच लेणं घे. दहावंच घे, १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथे पोचला, ही गोष्ट सांगायलाही सोपी. आधी मराठीत पानभर लिही. मग तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत. पुरातत्त्व खात्याच्या फलकांवरचा इंग्रजी मजकूर वहीत उतरव. चैत्य, विहार, भित्तिचित्र यांना तिथे कोणते शब्द वापरलेत ते बघ. मोठ्याने वाच, मोबाइलवर रेकॉर्ड कर, ऐक. व्याकरण यातूनच दुरुस्त करायचं आणि अडलं तिथे इंग्रजीच्या सरांना गाठायचं.

बारावीनंतर इतिहास घेऊन बी.ए. कर. पुढे छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘अतुल्य भारत’ पर्यटक सुविधाकारांसाठीचा, म्हणजे पर्यटकांना माहिती आणि मदत देणाऱ्यांसाठीचा, ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. त्याच्या अटी मंत्रालयाच्याच संकेतस्थळावर वाच, एजंटाकडून ऐकू नकोस. परवाना हातात येईपर्यंत गाइड म्हणून पैसे घेऊ नकोस. कोणी गळ घातली तरी नाही.

सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी वडील घरी असतील, तर त्यांना पर्यटक कर. तू दहावं लेणं इंग्रजीत सांगायचं आणि त्यांनी दर दोन वाक्यांनंतर एकच प्रश्न विचारायचा : ‘व्हाय?’